विद्यापीठ परिसर आणि शहर : परस्परसंबंधांचे विवेचन
(विशेष संदर्भ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ व छत्रपती संभाजीनगर)

प्रस्तावना :

विद्यापीठाचा विचार करताना आपल्यासमोर सामान्यतः अभ्यासक्रम, परीक्षा, संशोधन आणि पदव्या या बाबी येतात. परंतु विद्यापीठ ही एक भौगोलिक वस्तुस्थितीही असते. ते कोणत्यातरी शहराच्या वेशीवर, कोणाच्यातरी जमिनीवर उभे राहते. तेथे दरवर्षी हजारो तरुण येतात, काही वर्षे राहतात आणि त्यांपैकी काही कायमचे त्या शहराचे होतात. त्यामुळे शहराची जमीन, बाजारपेठ, वस्ती आणि सार्वजनिक जीवन या सर्वांवर विद्यापीठाच्या अस्तित्वाचा परिणाम होतो. हा परिणाम नेमका कोणत्या मार्गांनी होतो, याचे विवेचन आपल्याकडे तुलनेने कमी झाले आहे.

विद्यापीठ व शहर यांचे नाते नेहमीच सलोख्याचे राहिले, असे इतिहास सांगत नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १० फेब्रुवारी १३५५ रोजी एका मद्यालयात दारूच्या दर्जावरून विद्यार्थी आणि मद्यालयचालक यांच्यात बाचाबाची झाली. तिचे पर्यवसान नगरवासी आणि विद्यार्थी यांच्यातील रक्तरंजित दंगलीत झाले व त्यात साठांहून अधिक विद्यापीठीय व्यक्ती मारल्या गेल्याचे सांगितले जाते. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली व बाजारपेठेवरील काही अधिकार विद्यापीठाकडे सोपविले. त्या शहराच्या महापौराला दरवर्षी प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि ही प्रथा १८२५ पर्यंत टिकली. शिक्षणसंस्थेचे आगमन हा शहराच्या दृष्टीने सत्तासंबंधांतील बदल असतो, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

भारतात १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी होती. अध्यापन महाविद्यालयांत होई. विस्तीर्ण जागेवरील निवासी 'परिसर' ही कल्पना बनारस हिंदू विद्यापीठाच्या (१९१६) स्थापनेमुळे ठळक झाली आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातही रुजली. पुणे विद्यापीठ (१९४९), मराठवाडा विद्यापीठ (१९५८) व शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर (१९६२) या तिन्ही विद्यापीठांना त्या त्या शहराच्या कडेला शेकडो एकर जमीन लाभली. प्रस्तुत लेखात यांपैकी मराठवाडा विद्यापीठ व त्याचे शहर यांचा विशेष विचार केला आहे. २०२३ पासून औरंगाबाद शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. प्रस्तुत लेखात पूर्वकालीन संदर्भात जुने नाव वापरले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) विद्यापीठ परिसराचा शहरावर परिणाम होण्याचे मार्ग स्पष्ट करणे.
२) नागसेनवन व मराठवाडा विद्यापीठ यांच्या संदर्भात या मार्गांची चिकित्सा करणे.
३) विद्यार्थ्यांच्या निवासव्यवस्थेतील बदलांचा या परस्परसंबंधावर होणारा परिणाम तपासणे.

परिणामाचे तीन मार्ग :

विद्यापीठ परिसर शहरावर मुख्यतः तीन मार्गांनी परिणाम करतो. पहिला मार्ग जमिनीचा. परिसरासाठी एकदा राखली गेलेली जमीन सहसा बाजारात येत नाही. तिच्याभोवती शहर वाढते, अडते किंवा वळते. दुसरा मार्ग माणसांचा व त्यांच्याबरोबर येणाऱ्या पैशाचा. विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांच्या राहण्याजेवण्याच्या गरजांतून एक स्थानिक अर्थव्यवस्था उभी राहते. तिसरा मार्ग सार्वजनिक जीवनाचा. परिसरात निर्माण झालेले वाद, साहित्य, संघटना व आंदोलने शहरात उतरतात आणि शहर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलते.

पहिल्या दोन मार्गांची मोजदाद करता येते, म्हणून त्यांची चर्चा अधिक होते. तिसऱ्या मार्गाचा परिणाम मात्र सर्वांत दीर्घकालीन असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जमीन : अडलेले आणि राखलेले शहर :

पुणे विद्यापीठाला गणेशखिंड येथील जागा मिळाली. चारशे एकरांहून मोठ्या या आवारातील मुख्य इमारत पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. विद्यापीठाच्या स्थापनेच्या वेळी शहराबाहेर असलेला हा भाग आज शहराच्या ऐन मध्यात सापडला आहे. औंध, बाणेर व पाषाण यांकडे जाणारे रस्ते विद्यापीठ चौकात एकत्र येतात. तेथे उभारलेले उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रो मार्गाच्या कामासाठी पाडावे लागले. आवारातील वनराई शहराला मोकळी हवा देते. मात्र रस्त्यांची वाहतूक तिला वळसा घालूनच जाते. एकाच जमिनीचे हे दोन परिणाम आहेत व त्यांपैकी एक स्वीकारून दुसरा टाळता येत नाही.

औरंगाबादची स्थिती निराळी होती. मलिक अंबरने वसविलेल्या खडकी या गावापासून वाढलेले हे तटबंदीचे व दरवाजांचे शहर. त्याच्या उत्तर-वायव्येस पाणचक्की, बेगमपुरा, बीबी का मकबरा आणि त्यापलीकडे बौद्ध लेणी असलेले डोंगर आहेत. याच दिशेला आधी नागसेनवन आणि नंतर सातशे एकरांहून अधिक क्षेत्राचा विद्यापीठ परिसर विकसित झाला. जुन्या शहरातून विद्यापीठाकडे जाणारा प्रवासी आजही ऐतिहासिक दरवाजे ओलांडून जातो. घोडेस्वार व पालख्यांसाठी बांधलेल्या या अरुंद कमानी आधुनिक वाहतुकीला पुरत नाहीत आणि वारसा म्हणून त्यांना हातही लावता येत नाही.

शहराची प्रमुख वाढ मात्र दुसऱ्या दिशांना झाली. चिकलठाणा औद्योगिक वसाहत व सिडकोची नवी वस्ती यांमुळे शहर पूर्वेकडे सरकले, तर वाळूजच्या कारखान्यांमुळे पश्चिमेकडे पसरले. १९७१ साली सुमारे दीड लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११,७५,११६ झाली. या वाढीचे मुख्य कारण औद्योगिकीकरण आहे. तिचे श्रेय विद्यापीठाला देणे शास्त्रीय ठरणार नाही. विद्यापीठाने शहराचे आकारमान फारसे वाढविले नाही. त्याने शहराची एक बाजू डोंगरापर्यंत मोकळी राखली. या वाढत्या शहरात कोणत्या प्रकारचा नागरिक येईल, यावर मात्र त्याचा मोठा प्रभाव पडला.

माणसे : खोली, खानावळ आणि बाहेरचा पैसा :

विद्यार्थी हा शहराच्या अर्थव्यवस्थेतील एक वैशिष्ट्यपूर्ण घटक आहे. तो शहरात बहुधा कमवीत नाही, परंतु खर्च मात्र शहरातच करतो. त्याच्या खर्चाचा पैसा दोन ठिकाणांहून येतो : गावाकडील शेती-मजुरीतून आणि शासनाच्या शिष्यवृत्तीतून. अर्थशास्त्राच्या भाषेत हा शहराबाहेरून येणारा पैसा होय. तो घरमालक, खानावळ, झेरॉक्सचे दुकान, वह्या-पुस्तकांची दुकाने, चहाची टपरी व रिक्षा यांच्यात फिरतो. अध्यापक व कर्मचारी यांच्या वेतनाचेही तसेच आहे. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या या पैशामुळे विद्यापीठाभोवतीची बाजारपेठ कारखान्यांतील मंदीपासून काही प्रमाणात सुरक्षित राहते.

या अर्थव्यवस्थेला दोन मर्यादा आहेत. ती हंगामी आहे. जून-जुलैमध्ये खोल्यांचे भाव चढतात, उन्हाळ्यात खानावळी ओस पडतात. दुसरे असे की ती पावसावर अवलंबून आहे. मराठवाड्यातील विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च कापूस, सोयाबीन किंवा ऊसतोडीच्या उचलीवर ठरतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळी वर्षांत खेड्यात पाऊस नसल्याचा परिणाम शहरातील खानावळीच्या उधारीच्या वहीत उमटला. अशा वर्षी शासन दुष्काळग्रस्त विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ करते. परंतु खोलीचे भाडे व जेवणाचा खर्च कोणी माफ करीत नाही. अनेकांचे शिक्षण खंडित होते ते याच ठिकाणी.

यावरून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. विद्यार्थी कोठे राहतो, यावर परिसराचा शहरावरील परिणाम अवलंबून असतो. तो वसतिगृहात राहत असेल तर त्याच्या निवासाचा भार संस्था उचलते व शहराशी त्याचा संबंध हळूहळू, समूहाच्या आधाराने येतो. तो भाड्याच्या खोलीत राहत असेल तर शहराशी त्याची गाठ पहिल्याच दिवशी, एकट्याने, घरमालकाच्या दारात पडते. हा फरक समजून घेण्यासाठी नागसेनवनाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

नागसेनवन : वसतिगृहातून शहरात :

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. औरंगाबाद येथे १९२३ साली शासकीय इंटरमिजिएट महाविद्यालय सुरू झाले होते. परंतु पुढील शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे आणि तेथील माध्यम उर्दू होते. ही वाट बहुसंख्य मराठी भाषकांसाठी खडतर होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी ती जवळजवळ बंद होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे हेच मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यातनाम झाले. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादावरून महाविद्यालयाला व परिसराला नावे देण्यात आली. प्रश्न विचारणारा राजा व उत्तर देणारा भिक्षू ही जोडी शिक्षणसंस्थेसाठी किती समर्पक आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या परिसराचे वैशिष्ट्य असे की येथे महाविद्यालयाबरोबर वसतिगृहे होती. खेड्यातील गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या मुलाला शहरात घर भाड्याने मिळणे त्या काळी दुरापास्त होते. वसतिगृह ही त्याच्यासाठी सोय नव्हती; शिक्षणाची पूर्वअट होती. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांच्या प्रयत्नांतून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली होती. शिष्यवृत्ती, महाविद्यालय आणि वसतिगृह या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच खेड्यातून शहरापर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. यांपैकी एक जरी दुवा नसता तरी उरलेले दोन निरुपयोगी ठरले असते.

याच पार्श्वभूमीवर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले व स. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू झाले. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात होते. त्यामुळे औरंगाबाद हे साऱ्या प्रदेशाचे शैक्षणिक केंद्र बनले. १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९६० चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९६३ चे मौलाना आझाद महाविद्यालय यांनी या केंद्राला बळ दिले. पदवी घेतलेला तरुण गावी परतला नाही तर तो शिक्षक, लिपिक, वकील, प्राध्यापक किंवा बँक कर्मचारी म्हणून शहरातच स्थिरावला. त्याने घर बांधले, धाकट्या भावाला शिकायला आणले. शहरातील दलित मध्यमवर्गाच्या घडणीत या प्रक्रियेचा वाटा फार मोठा आहे.

या वर्गाने शहराच्या सांस्कृतिक जीवनालाही आकार दिला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या वातावरणातून आले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले 'अस्मितादर्श' हे नियतकालिक याच शहरातून निघत असे. पुण्या-मुंबईबाहेरच्या या शहराला दलित साहित्याच्या नकाशावर मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे मूळ नागसेनवनातील वर्गखोल्या व वसतिगृहे यांत शोधावे लागते.

नामांतर : परिसर आणि शहर यांच्यातील संघर्ष :

परिसराने शहराची रचना बदलली की शहर त्याला प्रतिसाद देते. तो प्रतिसाद नेहमी स्वागताचा असतो असे नाही. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात हिंसाचार उसळला. दलित वस्त्या जाळण्यात आल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांची हत्या झाली. ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर पडली. १९७९ साली दीक्षाभूमी नागपूरहून लाँग मार्च निघाला. आंदोलने, सत्याग्रह, तुरुंगवास व बलिदाने यांनंतर, म्हणजे ठरावापासून जवळजवळ साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्वतंत्रपणे स्थापन होऊन जुन्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही विभागले गेले.

या संघर्षाकडे केवळ नावाचा वाद म्हणून पाहणे अपुरे आहे. विरोधकांपैकी काहींनी तो प्रादेशिक अस्मितेच्या भाषेत मांडला. परंतु जाळपोळ झाली ती खेड्यांतील दलितांच्या घरांची. या घरांतील मुले शिकत होती, शिष्यवृत्ती घेत होती आणि शेतमजुरीच्या जुन्या बंधनांतून बाहेर पडत होती. विद्यापीठाने घडविलेला बदल खेड्यापर्यंत पोहोचला होता व त्याविरुद्धचा रोष नावाच्या निमित्ताने बाहेर पडला, असे विवेचन अधिक समर्पक ठरते. दुसऱ्या बाजूने, नामांतराच्या समर्थनार्थ सवर्ण समाजातील समाजवादी व पुरोगामी कार्यकर्तेही उभे राहिले. तेही याच महाविद्यालयीन वातावरणाचे फलित होते, हे विसरता येत नाही.

आज १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी दरवर्षी प्रचंड जनसमुदाय जमतो. त्या दिवशी शहरात घरोघरी तिळगूळ वाटला जातो आणि त्याच वेळी विद्यापीठाच्या रस्त्यावर पुस्तकांचे गाळे, भीमगीतांचे कार्यक्रम व अन्नदान चालू असते. आलेल्यांपैकी अनेकांचा विद्यापीठाच्या परीक्षांशी कधीच संबंध आलेला नसतो. तरीही ते प्रवेशद्वाराला आपले मानतात. एखाद्या विद्यापीठाचे प्रवेशद्वार निरक्षर माणसालाही आपले वाटावे, ही घटना उच्च शिक्षणाच्या इतिहासात विरळ आहे.

वर्तमान : निवासाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर :

गेल्या दोन दशकांत परिस्थितीत काही मूलभूत बदल झाले आहेत. विद्यार्थिसंख्या वाढली, वसतिगृहांची क्षमता त्या प्रमाणात वाढली नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. भोजन, निवास व निर्वाह यांसाठी विद्यार्थ्याच्या बँक खात्यात थेट रक्कम जमा करणे, हे तिचे स्वरूप. ही रक्कम आरंभी मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वार्षिक ६०,००० रुपये व अन्य विभागीय शहरांसाठी ५१,००० रुपये होती.

ही योजना निश्चितच उपयुक्त आहे. तथापि तिच्यामुळे परिसर व शहर यांच्या नात्यात एक सूक्ष्म पण दूरगामी बदल होतो. पूर्वी शासन निवास देत असे, आता ते निवासासाठी पैसे देते. निवास शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते आणि येथे भाड्याच्या बाजाराचे नियम लागू होतात. हप्ता उशिरा आला तरी घरमालकाला भाडे वेळेवर हवे असते. शिवाय खोली दाखविण्यापूर्वी आडनाव व गाव विचारण्याची रीत आपल्या शहरांतून पूर्णतः गेलेली नाही. वसतिगृहाने ज्या प्रश्नापासून विद्यार्थ्याचे संरक्षण केले, तोच प्रश्न रोख रकमेसह त्याच्यापुढे पुन्हा उभा राहतो. मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेचा प्रश्न त्यात मिसळतो. वसतिगृहात जागा नाही म्हणून मुलीचे नाव गावाजवळच्या महाविद्यालयात घालणे किंवा शिक्षण थांबविणे, हे निर्णय कुटुंबे घेतात. त्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

वसतिगृहाचा आणखी एक उपयोग असतो, जो रोख रकमेने भरून निघत नाही. तेथे वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्या वर्गातील विद्यार्थ्याला अर्ज कसा भरावा, ग्रंथालयात काय मागावे, कोणत्या प्राध्यापकांना भेटावे हे शिकवतो. रात्रीच्या चर्चांतून वाचन व लेखन घडते. 'अस्मितादर्श'सारख्या नियतकालिकाला लेखक व वाचक दोन्ही मिळतात ते अशा सहवासातून. शहरभर विखुरलेल्या खोल्यांतून स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका उभी राहू शकते. साहित्याची व विचारांची चळवळ उभी राहणे अवघड असते.

निष्कर्ष :

१) विद्यापीठ परिसर शहरावर जमीन, माणसे व सार्वजनिक जीवन या तीन मार्गांनी परिणाम करतो. यांपैकी तिसरा परिणाम मोजण्यास कठीण, परंतु सर्वाधिक टिकाऊ असतो.

२) छत्रपती संभाजीनगरच्या लोकसंख्यावाढीचे प्रमुख कारण उद्योग आहेत; परंतु शहरातील नागरिकत्वाचे स्वरूप बदलण्यात नागसेनवन व विद्यापीठ यांचा वाटा निर्णायक आहे.

३) शिष्यवृत्ती, महाविद्यालय व वसतिगृह हे तीन दुवे एकत्र असतील तरच वंचित घटकांसाठी परिसर शहराचे दार ठरतो.

४) निवासाऐवजी निवासाचे पैसे देण्याच्या धोरणामुळे विद्यार्थ्याला सामाजिक भेदभाव असलेल्या भाडेबाजाराला सामोरे जावे लागते. म्हणून रोख साहाय्य हे वसतिगृहांना पूरक असावे, पर्याय नसावे.

५) नामांतराचा संघर्ष परिसराने घडविलेल्या सामाजिक बदलावरील प्रतिक्रिया म्हणून अभ्यासला जाणे आवश्यक आहे.

समारोप :

प्रत्येक महाविद्यालयाभोवती, ते तालुक्याच्या गावी असले तरी, एक लहानसे शहर उभे राहत असते. आपले विद्यार्थी कोठे राहतात, कोठे जेवतात, किती भाडे देतात, कोणाला खोली नाकारली जाते आणि पदवीनंतर कोण गावात राहतो, याची साधी नोंद ठेवणे कोणत्याही विभागाला शक्य आहे. भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे हे काम केल्यास मूल्यांकनासाठी लागणाऱ्या माहितीपलीकडचे, स्थानिक धोरणाला उपयोगी असे ज्ञान हाती येईल. वसतिगृहाच्या एका खोलीची मागणी करताना आपण शासनाकडे केवळ बांधकामाचा निधी मागत नसतो; कोणाला या शहराचा नागरिक होता येईल, हेही त्या मागणीत ठरत असते.